बोंडअळीचे पंचांग

आखाजी सरली आणि रान तापू लागले, की जळगाव व धुळे जिल्ह्यांत एक वाद दरवर्षी न चुकता डोके वर काढतो. कापसाचे बियाणे शेतकऱ्याच्या हाती कोणत्या तारखेला पडावे, हा तो वाद. विहिरीला पाणी असलेल्या आणि शेतात ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या शेतकऱ्याला रोहिणी नक्षत्राचीही वाट पाहायची नसते. कृषी खाते त्याला अडवू पाहते. २०१७ च्या बोंडअळीच्या तडाख्यानंतरच्या काही हंगामांत १ जूनपूर्वी बीटी कापसाचे बियाणे शेतकऱ्यांना विकू नये असे आदेश निघाले. पुढे ही तारीख मागेपुढे होत राहिली. आदेश निघाला की निवेदने दिली जातात, बियाणे-विक्रेते नाराजी व्यक्त करतात, लोकप्रतिनिधी मंत्रालयाच्या पायऱ्या चढतात, आणि दरम्यान गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमेवरून पाकिटे येतच राहतात. जूनचा पाऊस पडला की सारेच पेरणीच्या गडबडीत लागतात आणि वाद पुढल्या आखाजीपर्यंत विसरला जातो.

या वादात बागायतदार आपली बाजू मांडतो, खाते आपली मांडते. ज्या किड्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या जीवनक्रमाचा विचार मात्र तपशिलाने क्वचितच होतो. गुलाबी बोंडअळीचे स्वतःचे असे एक पंचांग आहे. त्या पंचांगाची पहिली तिथी जो सर्वांत आधी पेरतो तो ठरवितो आणि शेवटची तिथी जो सर्वांत उशिरापर्यंत पीक उभे ठेवतो तो ठरवितो. मधल्या हजारो शेतकऱ्यांच्या हाती त्यातले काहीच नसते. जळगाव जिल्ह्यात साधारण ५ लाख हेक्टरांच्या घरात आणि धुळे जिल्ह्यात २ लाखांच्या आसपास कापूस उभा राहतो, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाचा आवाका लक्षात यावा.

झाडाचे राखणदार

कपाशी आणि तिच्यावरील कीटक यांचे नाते केवळ खाणारा आणि खाल्ला जाणारा एवढ्यापुरते नाही. कपाशीच्या पानाच्या मागच्या बाजूला, मुख्य शिरेवर, एक बारीक मधुग्रंथी असते. फुलाशी किंवा परागीभवनाशी तिचा काही संबंध नाही. तिच्यातील गोड रसासाठी मुंग्या येतात, परोपजीवी गांधीलमाश्या येतात, आणि आल्याच आहेत तर पानांवरील अंडी-अळ्यांचाही समाचार घेतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर झाडाने हे पगारी राखणदार ठेवलेले असतात. अळीने पान कुरतडले, की कपाशी हवेत विशिष्ट गंधद्रव्ये सोडते आणि त्या गंधाच्या मागावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या माश्या येऊन पोहोचतात. पानांवरील लव तुडतुड्यांना बसू देत नाही. सरकीत व पानांत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, ते अनेक किड्यांना पचत नाही. खानदेशात पूर्वी पिकणाऱ्या जरीला, विरनार यांसारख्या देशी वाणांचा धागा आखूड खरा. पण हे देशी कापूस अनेक रसशोषक किडींपुढे बऱ्यापैकी तग धरीत.

शेताची रचनाही या व्यवहाराला पोषक होती. कपाशीत मूग-उडीद असे, काही ओळींनंतर तुरीचा किंवा ज्वारीचा पट्टा असे, कडेने अंबाडी असे. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी अशा मित्रकीटकांना एका पिकावर खाद्य संपले की दुसऱ्यावर आसरा मिळे. पुढे ओळीओळीने एकच संकरित वाण उभा राहिला आणि १९८० च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके आली. पहिल्या वर्षांत त्यांनी चमत्कार दाखविला. नंतर असे दिसले, की फवाऱ्याने अळी मरते तशी अळीला खाणारेही मरतात, आणि पांढऱ्या माशीसारखी आजवर दुय्यम मानलेली कीड मोकळ्या रानात फोफावते. देशाच्या लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे ५ टक्के जमीन कापसाखाली, आणि कीटकनाशकांचा जवळपास निम्मा खप कापसावर, अशी विसाव्या शतकाच्या अखेरीची स्थिती होती. बीटी कापसाचे स्वागत इतक्या उत्साहाने का झाले, हे त्यावरून समजते.

भडोचचा किडा

गुलाबी बोंडअळी ही पाहुणी नव्हे. शास्त्रीय नोंदीत ती प्रथम आली ती १८४३ साली, आणि तिचे वर्णन ज्या नमुन्यांवरून झाले ते भडोचच्या कापसातून पाठविलेले होते. तापी-नर्मदेच्या या टापूतील कापूस आणि ही अळी यांचा संबंध निदान इतका जुना आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती सरकीबरोबर इजिप्तला पोहोचली, तेथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत, आणि १९१७ मध्ये टेक्ससमध्ये. कापसाच्या व्यापाराने तिला जगभर फिरविले. अळी सरकीच्या आत झोपून प्रवास करते, त्यामुळे तिला कोणत्याही बंदरावर कोणी हटकले नाही.

तिच्या दोन सवयी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की ती जवळजवळ केवळ कपाशीवर जगते. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या सोयऱ्यांवर ती क्वचित आढळते, तेवढेच. हिरवी अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो यांवरही पोसते. गुलाबीला तसा पर्याय नाही. दुसरी सवय म्हणजे तिचे लपणे. मादी पाते, फूल किंवा कोवळ्या बोंडावर शे-दीडशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि थेट आत शिरते. बोंडाचे छिद्र बुजून जाते. फुलात शिरली तर पाकळ्या उमलत नाहीत, त्यालाच शेतकरी डोमकळी म्हणतात. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, मुंगी पोहोचत नाही, गांधीलमाशीही सहसा पोहोचत नाही. वर वर्णिलेल्या राखणदारांचा पहारा तिने असा चुकविला आहे. बोंड उकलते तेव्हा रुई डागाळलेली व चिकटलेली, म्हणजे कवडी, निघते आणि सरकी पोखरलेली.

हे विष झाडातच भरले तर, या कल्पनेतून बीटी कापूस आला. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातलेले हे वाण. मार्च २००२ मध्ये केंद्राने त्यास परवानगी दिली. जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सॅन्टोच्या सहकार्याने तो भारतात आणला होता. २००६ मध्ये दोन जनुकांचा दुसरा अवतार आला. २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठींवर असलेले देशाचे उत्पादन २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. त्याचे सारे श्रेय बीटीला देणे योग्य नाही, कारण याच काळात चांगले पाऊस झाले आणि सिंचनही वाढले. तथापि हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या आणि खानदेशातील शेतकऱ्याच्या हाती चार पैसे राहिले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१३-१४ चा तो आकडा मात्र पुन्हा गाठता आलेला नाही.

गुलाबी अळी पहिल्या जनुकाला सरावल्याचे २०१० मध्ये गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत उघड झाले. २०१५ मध्ये गुजरातेत दोन जनुकांच्या कापसावरही तिने हल्ला केला आणि २०१७ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश हे तिन्ही विभाग तिच्या तडाख्यात सापडले. दोन्ही विषे पचवू शकणाऱ्या अळ्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पाहण्यांत आढळल्या. अवघ्या पंधरा वर्षांत हे घडले. याच अवधीत अमेरिकेत तोच कापूस, तीच अळी असूनही असे का घडले नाही, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आश्रयाचा पट्टा आणि शेजाऱ्याचे शेत

उत्तराचा एक भाग झाडाच्या घडणीत आहे. भारतात बीटी जवळजवळ संपूर्णपणे संकरित वाणांतूनच आला. अन्य देशांत तो मुख्यतः सरळ वाणांतून आला. संकरिताच्या आईबापांपैकी एकातच ते जनुक असले, तर झाड विषारी होते खरे. परंतु त्याच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असल्याने तिच्यात विषाची वाटणी सारखी राहत नाही. दोन जनुकांच्या हिशेबात दर १६ सरक्यांमागे एकीत काहीच विष नसते आणि सहांमध्ये एकच असते. गुलाबी अळी नेमकी सरकी खाणारी. तिला एकाच बोंडात कमी-अधिक मात्रेचे घास मिळतात, आणि अर्धवट मात्रेवर किडा मरण्याऐवजी सरावतो. शिवाय संकरित वाण एकशेसाठ ते एकशेऐंशी दिवसांचे, आणि पाणी दिले तर त्याहूनही लांबणारे. बोंडे जितकी जास्त दिवस लोंबकळत राहतील तितक्या अळीच्या पिढ्या अधिक.

दुसरा भाग नियमांतील आहे. बीटीच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के बिगर-बीटी कापूस लावावा असे बंधन होते. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक पुडी मिळे. शेतकरी तिला 'नॉन बीटी' किंवा 'रेफ्युजी' म्हणत आणि बहुधा बांधावर फेकून देत. कल्पना अशी, की या पट्ट्यात विषाशी कधीच गाठ न पडलेले पतंग वाढावेत, त्यांचा संकर सरावलेल्या पतंगांशी व्हावा आणि प्रतिकाराचा गुण पातळ होत जावा. म्हणजे किड्याचा दुबळेपणा जपण्यासाठी काही झाडे किड्याला द्यायची. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा उघड तोट्याचा व्यवहार होता. खर्च त्याच्या शेतात, आणि लाभ साऱ्या शिवारात वाटला जाणारा. गायरानात प्रत्येकाने एक जनावर जास्त सोडावे आणि शेवटी कोणालाच चारा उरू नये, असा हा प्रकार. काही ठिकाणी कपाशीऐवजी तुरीचे बी आश्रयपीक म्हणून देण्यात आले. हिरव्या अळीसाठी ते ठीक होते. गुलाबी अळी तुरीवर जगतच नाही, तेव्हा तिच्यासाठी तो पट्टा असून नसल्यासारखाच. अलीकडे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून दिले जाते. घोडे पळाल्यावर तबेल्याला कडी लावण्यासारखे हे झाले.

चीनमधील यांगत्से खोऱ्याचा अनुभव या संदर्भात मोठा मौजेचा आहे. तेथील शेतकरी स्वस्त पडते म्हणून संकरिताची दुसरी पिढी पेरू लागले. त्यामुळे शेतात सुमारे चौथा हिस्सा झाडे आपोआप विषरहित निघाली. हाच न ठरवता झालेला आश्रयपट्टा ठरला आणि गुलाबी अळीची वाढू लागलेली प्रतिकारशक्ती खाली आली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. काटकसरीने तेथे जे साधले, ते येथे कायद्याने साधले नाही.

मे महिन्याची पाती

आता पंचांगाकडे वळू. दिवस लहान होऊन थंडी पडू लागली, की नोव्हेंबरनंतरच्या अळ्यांपैकी अनेक कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या रेशमाने जोडून त्यांच्या पोकळीत, वाळलेल्या न उकललेल्या बोंडात, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत, जिनिंगच्या सरकीच्या ढिगात त्या उन्हाळा काढतात. वळवाचे शिंतोडे पडले, हवेत दमटपणा आला, की पतंग बाहेर पडू लागतात. पतंगाचे आयुष्य थोड्या दिवसांचे. त्या अवधीत अंडी घालण्यास पाते मिळाले नाही तर तो निर्वंश मरतो. शास्त्रज्ञ यास आत्मघाती उगवण म्हणतात. निसर्गाने शेतकऱ्याला फुकट दिलेले हे संरक्षण आहे.

पारोळा, अमळनेर, शिंदखेडा या अवर्षणप्रवण तालुक्यांतील कोरडवाहू शेतकरी मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसावर पेरतो. त्याच्या कपाशीला पाती लागेतो ऑगस्ट उजाडतो आणि जूनमध्ये निघालेल्या पतंगांना तिचा उपयोग नसतो. परंतु चोपडा-यावल-रावेरच्या तापीकाठच्या पट्ट्यात किंवा शिरपूरकडे मे महिन्यात लावलेल्या कपाशीवर जूनअखेरीस-जुलैच्या प्रारंभी पाती दिसू लागतात. पतंगांना पूल मिळतो. चार-पाच आठवड्यांची एक पिढी त्या बागायती शेतात तयार होते आणि कोरडवाहू कपाशीला पाती लागतात तेव्हा दुसरी पिढी उडण्यास सज्ज असते. बागायतदार विहिरीच्या पाण्याबरोबर नकळत हा किडाही शेजाऱ्याला देतो. पाण्याचे बिल त्याचे, किड्याचे बिल शेजाऱ्याचे.

बागायतदाराची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती निराधार नाही. तो सांगतो, की मेमध्ये लावलेला कापूस दसरा-दिवाळीला घरात येतो, सणाच्या खर्चाला पैसा होतो, आणि नोव्हेंबरअखेर रान मोकळे करून त्यात गहू, हरभरा किंवा मका घेता येतो. जो डिसेंबरपूर्वी पीक काढतो, त्याच्या शेतात सुप्त अळ्या राहतात किती? खरा दोष फरदडीचा, म्हणजे डिसेंबरनंतर एखादे पाणी देऊन पुन्हा बोंडे धरण्याचा, असे त्याचे म्हणणे आहे. हे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे. अळीला उन्हाळा पार करण्यास लागणारे बीजभांडवल फरदडीतच जमा होते. पाण्याची सोय असलेल्या रानांत मार्चपर्यंत उभ्या राहणाऱ्या कपाशीत जे वाढते, तेच मेच्या पात्यांवर उतरते. लवकर पेरणी हा पूल खरा, परंतु पुलावरून जाणारे प्रवासी फरदड पुरविते. फरदड थांबली तर मेच्या पेरणीचा धोका पुष्कळ कमी होईल. फरदड चालूच राहिली तर १ जूनची तारीख पाळूनही फारसे हाती लागणार नाही. कृषी खात्याने आपले सारे वजन बियाण्याच्या विक्रीवर टाकले, याचे कारण विक्रेता परवान्याने बांधलेला असतो आणि त्याला नोटीस देता येते. डिसेंबरात लाखो शेतांतील पऱ्हाट्या कोणी उपटल्या नाहीत, हे पाहण्यास कोणता निरीक्षक फिरणार?

भाव, सरपण आणि घरातील ढीग

फरदड का ठेवली जाते, याचे उत्तर किड्यात नाही. ते घरखर्चात आहे. पऱ्हाटी उपटण्यास मजुरी लागते. शेवटच्या वेचणीच्या क्विंटल-दोन क्विंटल कापसावर वरखर्च निघतो. ज्याच्याकडे रब्बीस पुरेल इतके पाणी नाही, त्याच्यापुढे रान मोकळे करण्याचा मोबदला शून्य आहे, आणि एखाद्या ओलिताने येणारी चार बोंडे शून्यापेक्षा अधिक आहेत. त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता चोख आहे.

पऱ्हाट्यांचेही तसेच. गॅसचे सिलिंडर घरात आले तरी पुन्हा भरण्याची ऐपत प्रत्येक घरात नाही. मजुरांच्या घरी वर्षभराचे सरपण म्हणजे बांधावर रचलेली पऱ्हाटी, आणि तिच्या वाळलेल्या बोंडांत अळी झोपलेली. ती जाळा किंवा यंत्राने बारीक करून जमिनीत गाडा, असा सल्ला पत्रकांतून दिला जातो. त्या घरची चूल कशावर पेटावी, याचा उल्लेख पत्रकात नसतो.

सर्वांत दुर्लक्षिलेला दुवा भावाचा आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला १० हजारांची मर्यादा ओलांडली. पुढील हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव उतरतच गेले, आणि खानदेशातील अनेक घरांत २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत कापसाचे ढीग राहिले. ओटी भरली, माजघर भरले, माणसे अंगणात झोपली. त्या कापसातील सरकीत अळ्या होत्या. जो कापूस एरवी जानेवारी-फेब्रुवारीत जिनात जाऊन सरकी घाण्याला गेली असती, तो नव्या पेरणीच्या तोंडाशी गावातच होता. बाजारातील अनिश्चितता किड्याच्या जीवनक्रमाशी कशी जोडली जाते, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. परंतु खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, तर हमीभावाचा आकडा घरातील ढीग हलवू शकत नाही. खरेदी केंद्रांचे वेळापत्रक हा बोंडअळी नियंत्रणाचाच एक भाग मानला पाहिजे, असे म्हटले तर पणन खात्याला ते चमत्कारिक वाटेल.

नुकसान झाल्यावर मात्र सरकारचा हात सैल होतो. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात कोरडवाहूस हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीस ३७,५०० रुपयांची मदत जाहीर झाली. त्या रकमेत आपत्ती निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्यांकडून वसूल होणारी भरपाई अशी तीन खाती एकत्र केलेली होती. पैकी कंपन्यांच्या वाट्यावरून वाद उभा राहिला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. किडीचा खरा हिशेब मांडायचा तर तेही त्यात धरावे लागेल.

सक्ती की मोबदला

कापसाशिवायचे महिने सक्तीने पाळणे ही कल्पना नवी नाही. मद्रास इलाख्यात १९१९ च्या कीड-रोग कायद्याखाली कंबोडिया कापसाची झाडे ठरावीक तारखेपूर्वी उपटावी लागत. मुंबई राज्यातही १९४७ चा असाच अधिनियम झाला. अमेरिकेत ॲरिझोना व शेजारच्या कापूस-पट्ट्यांत ठरावीक तारखेपर्यंत पिकाचे अवशेष नांगरून गाडण्याचे बंधन होते. त्याच्या जोडीला आश्रयपट्टे, कामगंधाची साधने आणि विमानातून सोडलेले कोट्यवधी वंध्य पतंग. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस-पट्ट्यातून गुलाबी अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. खर्चाचा मोठा वाटा तेथील उत्पादकांनी स्वतःवर कर बसवून उचलला होता.

अर्थात ॲरिझोना म्हणजे खानदेश नव्हे. तेथे शेते शेकडो एकरांची आणि उत्पादक मोजके. येथे दोन-चार एकरांचे मालक लाखो. मोजक्यांना एकत्र बसविता येते. लाखोंवर केवळ कायदा चालविला तर तो सरपण नसलेल्या आणि रब्बी नसलेल्या माणसावर आधी चालेल, विहीरवाल्यावर नंतर. म्हणूनच जिल्हाभर एक तारीख लादण्याऐवजी गाव-शिवार हे एकक धरणे अधिक व्यवहार्य आहे. पतंगाचे मोठे प्रमाण जवळच्या शेतांतच घोटाळते. एखाद्या शिवाराने डिसेंबरअखेर कपाशी पूर्ण काढली तर त्याचा लाभ बऱ्याच अंशी त्याच शिवारास मिळतो. पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र ग्रामपंचायतीमार्फत विनामूल्य फिरावे. ज्या शेतांना दुसरे पीक शक्य नाही, त्यांना रान मोकळे करण्याबद्दल हेक्टरी ठरावीक रक्कम द्यावी. हेक्टरी ३०,८०० रुपये नुकसानीनंतर जाहीर करू शकणाऱ्या शासनाला त्याचा अल्पांश नुकसानीपूर्वी देणे अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. जिनांच्या आवारात कामगंध सापळे लावणे आणि सरकी उन्हाळ्यापूर्वी हलविणे हे परवान्याच्या अटींत आणता येईल. येथे तरी निरीक्षकाला मोजकीच दारे ठोठवावी लागतात.

आणखी एक स्वस्त उपाय खानदेशात आधीपासून आहे. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळ हिवाळ्यात आपली मेंढरे घेऊन गावोगाव हिंडतात. शेवटच्या वेचणीनंतर कपाशीत मेंढ्या-शेळ्या सोडल्या तर त्या उरलेली कोवळी बोंडे, त्यांतील अळीसकट, फस्त करतात आणि शेताला खत मिळते ते वेगळे. कृषी शास्त्रज्ञही हेच सुचवितात. मात्र शेवटी-शेवटी जहाल औषध मारलेल्या शेतात कोणी मेंढपाळ कळप घालणार नाही. आणि पीक जानेवारीत काढायचे की मार्चमध्ये याचा भरवसा नसेल, तर त्याला आपल्या मुक्कामांचा क्रम आखता येत नाही. गावाने तारीख ठरविली तर दोन्ही अडचणी सुटतात.

ही सारी चर्चा आज मे महिन्यात, बियाण्याच्या दुकानासमोर होते. तोपर्यंत वर्षाचा निकाल बहुतांशी लागलेला असतो. ती दसऱ्याच्या सुमारास ग्रामसभेत व्हावयास हवी. त्या वेळी पहिली बोंडे उकलू लागलेली असतात, सापळ्यांत रोज किती पतंग पडतात हे दिसत असते, विहिरीत किती पाणी उरेल याचा अंदाज आलेला असतो, आणि फरदड ठेवायची की नाही हा निर्णय अजून कोणत्याच घरात झालेला नसतो.